चुगलखोर लेन्स: कॅननची १०० मिमी मॅक्रो आणि घरातला कॉर्न स्नेक

सापाचे फोटो काढायला कुठली लेन्स घेऊ, असं कोणी विचारलं की आधी उलट विचारावं लागतं: सापाचं नाक आणि लेन्सची काच यांच्यात जागा किती हवी? बाकी सगळं त्यावर ठरतं. मोबाइलचा मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची सोय, दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत आत शिरतो. तेवढ्यावर फोनची सावली सापाच्या डोक्यावरच पडते, आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी, घरी पाळला जाणारा साप) स्वभावानं कितीही गरीब असला तरी नाकापुढे आलेली काळी पाटी पाहून मान आखडून घेतो. कॅननची ६० मिमीची मॅक्रो १:१ ला, म्हणजे सापाचा एक मिलिमीटर सेन्सरवर एक मिलिमीटरच उमटेल इतकं जवळ जाताना, नऊ-दहा सेंटिमीटरवर येऊन थांबते. ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल मॅक्रो आयएस यूएसएम त्याच कामाला चौदाएक सेंटिमीटर मोकळे सोडते. १८० मिमीची एल मॅक्रो चोवीसच्या आसपास देते, पण ती किलोच्या वर जाते, तिच्यात आयएस (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) नाही, आणि हातात धरून सापामागे फिरायचं म्हटलं तर दहा मिनिटांत मनगट भरून येतं. चौदा सेंटिमीटर कॉर्न स्नेकला मानवतात. म्हणून हे परीक्षण १०० मिमीचं.

लेन्स २००९ मध्ये आली. वजन ६२५ ग्रॅम, फिल्टरचे आटे ६७ मिमीचे, छिद्राच्या पाती नऊ. फोकस आतल्या आत होतो, नळी पुढे सरकत नाही. कागदावर किरकोळ वाटणारी ही गोष्ट सापाच्या बाबतीत मोठी आहे. जुन्या धाटणीच्या कित्येक मॅक्रो लेन्सची नळी जवळचा फोकस घेताना बोटभर बाहेर येते. सापाला ते तोंडावर चालून आल्यासारखंच वाटतं, आणि तो पहिल्यांदा हालचालच पाहतो.

बाजूला फोकसची मर्यादा ठरवणारा तीन जागांचा खटका आहे: पूर्ण पल्ला, ०.३ ते ०.५ मीटर, आणि ०.५ मीटरपासून पुढे. डोकं टिपायचं असेल तर तो मधल्या जागेवर ठेवायचा. पूर्ण पल्ल्यावर ठेवला आणि एकदा फोकस चुकला, तर मोटार पार अनंतापर्यंत जाऊन परत येते आणि तेवढ्यात साप फांदीच्या पलीकडे पोचलेला असतो. अंतर सेन्सरपासून मोजतात हे लक्षात ठेवा. ०.३ मीटर म्हणजे काचेपासून तीस सेंटिमीटर नव्हे. मघाचे चौदा त्यातूनच उरतात.

आता आयएस. साध्या अंतरावर ती चार स्टॉप सांभाळते (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची एक पायरी), निम्म्या मोठेपणाला तीन, १:१ ला दोनच. तीही आपल्या हातापुरती. साप हलला तर तिचा उपयोग शून्य. फ्लॅश वापरत असाल तर ती फक्त व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर ठेवते, तरी डोळ्यावर फोकस धरून बसायला तेवढंही पुरतं. कॅननच्या नव्या, आरसा नसलेल्या मिररलेस बॉडीवर ईएफ-आरएफ अ‍ॅडॉप्टर (जुन्या पद्धतीची लेन्स नव्या बॉडीवर बसवणारं कडं) लावून लेन्स बिनतक्रार चालते. नवी आरएफ १०० मिमी १.४ पट मोठेपणा देते. कॉर्न स्नेकसाठी तो जादाचा मोठेपणा फारसा वापरातच येत नाही, कारण मोठ्या सापाचं डोकं अडीच-तीन सेंटिमीटरचं असतं आणि फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद. १:१ लाच चौकट भरते. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांचे फोटो काढणाऱ्यांनी हवं तर विचार करावा.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. सोबत येणारा हूड (काचेपुढे लावायचं, आडवा उजेड अडवणारं नळकांडं) लांबलचक आहे. लावला की चौदातली निम्मी जागा तोच खातो. जवळून काम करताना काढून ठेवा. ट्रायपॉडची कडी वेगळी विकत घ्यावी लागते, पण सापाला ट्रायपॉड कशाला? तिसरी गोष्ट नवख्याला चकवते. १:१ ला पोचेपर्यंत सेन्सरवर येणारा प्रकाश सुमारे दोन स्टॉपने घटतो आणि कॅननचा कॅमेरा छिद्राचा एफ-आकडा (तो जितका मोठा तितकं छिद्र बारीक) मात्र तोच दाखवत राहतो. पडद्यावर एफ/१६ दिसत असताना काम एफ/३२ सारखं चाललेलं असतं आणि खवल्यांच्या कडा मऊ पडतात. दोष लेन्सला दिला जातो. एफ/११ च्या पुढे जाऊ नका.

स्पष्टतेची खोली किती मिळते तेही बघा. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तर जेमतेम एक मिलिमीटर. निम्म्या मोठेपणाला एफ/११ वर चार. पाव मोठेपणाला त्याच छिद्रावर तेरा. डोळा, नाकपुडी आणि बाहेर आलेली जीभ तिन्ही धारदार हवी असतील तर १:१ चा हट्ट सोडून पाव मोठेपणाला यायचं आणि घरी बसून फोटो हवा तेवढा कापायचा. किंवा सापाच्या अगदी बाजूला जायचं, म्हणजे डोकं सेन्सरला समांतर येतं आणि एक-दोन मिलिमीटर पुरतात. चित्रं एकावर एक रचून खोली वाढवायची युक्ती श्वास घेणाऱ्या सापावर क्वचितच जमते.

लेन्स काय चुगली करते

इथून पुढे ही लेन्स फोटोपेक्षा पाळणाऱ्याच्या कामाची आहे. १:१ ला घेतलेला डोक्याचा फोटो संगणकाच्या पडद्यावर उघडला की सापाला कसं ठेवलंय याचं प्रगतिपुस्तकच समोर येतं. नुसत्या डोळ्यांनी महिनोन्महिने न दिसलेल्या गोष्टी तिथं दिसतात.

डोळ्यापासून सुरुवात करा. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तो कातीबरोबर निघतो. निरोगी कॉर्न स्नेकचा डोळा पाण्याच्या थेंबासारखा फुगीर, बाहुली गोल, भोवतीचं कडं मूळ रंगाच्या सापात नारिंगी-तांबडं. त्यावर धुरकट पापुद्रा आणि कडेला फाटलेली किनार दिसली तर मागच्या कातीची टोपी, म्हणजे डोळ्यावरचा जुना खवला, अडकून राहिली आहे. चिमटा लावायचा नाही. टोपीबरोबर खालचा खवलाही सुटून येतो आणि डोळा जातो. ओलसर शेवाळाची डबी आत ठेवायची आणि पुढच्या कातीची वाट पाहायची; तेव्हाही निघाली नाही तर सरपटणारे प्राणी पाहणारा पशुवैद्य गाठायचा. डोळ्यावर खळी किंवा सुरकुती दिसत असेल तर हवा कोरडी आहे किंवा साप पाणी कमी पितोय. आर्द्रता ४० ते ६० टक्के हवी, कातीच्या दिवसांत त्याहून थोडी वर.

मग डोळ्याची कड आणि हनुवटीखालची घळ. तिथं खसखशीच्या दाण्याएवढे काळे ठिपके असतील तर माइट, म्हणजे सापाचं रक्त पिणारे बारीक किडे, आहेत. पाण्याच्या भांड्यात साप तासन्‌तास बुडून बसू लागला की शंका घ्यायचीच, पण फोटोत ते त्याआधीच सापडतात. सापाच्या घरात अंथरलेला सगळा भुसा फेकून किचन पेपर अंथरायचा, लपायच्या जागा धुऊन वाळवायच्या, आणि औषध पशुवैद्याला विचारूनच. नव्या सापाला जुन्यापासून लांब, वेगळ्या खोलीत दोन-तीन महिने ठेवतात ते याच भीतीनं.

नाकाच्या टोकाचा खवला घासून पांढरा किंवा लालसर झालेला दिसला, तर साप रोज रात्री कुठल्यातरी फटीशी झगडतोय. घर लहान आहे, किंवा लपायला जागा नाही, किंवा उष्णता सगळीकडे सारखी आहे आणि त्याला थंड बाजूच सापडत नाही. नाकपुडीत बुडबुडे किंवा चिकट धागा दिसला तर श्वसनाचा संसर्ग समजा. तिथं लेन्सचं काम संपतं आणि डॉक्टरांचं सुरू होतं.

पोटाकडूनही एक फोटो दर महिन्याला काढावा. मक्याच्या कणसावर काळेपांढरे दाणे यावेत तशी कॉर्न स्नेकच्या पोटावर चौकड्यांची नक्षी असते. हे नाव त्यावरून पडलं असं काही जण म्हणतात, तर काही म्हणतात मक्याच्या कोठारात उंदरांमागे सापडायचा म्हणून. पांढऱ्या चौकड्यांच्या कडा तपकिरी किंवा गुलाबी पडू लागल्या की खालचा भुसा ओला राहतोय. ओलसर हवा आणि ओली जमीन या वेगळ्या गोष्टी आहेत. पाण्याचं भांडं उष्ण बाजूला ठेवून आर्द्रता वाढवणारे इथंच चुकतात. भांडं सांडतं, भुसा कुजतो. आणि अंगावर समांतर जुने ओरखडे दिसले तर कोणीतरी त्याला जिवंत उंदीर घातला होता. गोठवलेला उंदीर वितळवूनच घाला.

घर कसं हवं हे मग वेगळं सांगावं लागत नाही, तरी आकडे देऊन ठेवतो. पूर्ण वाढलेला साप चारएक फुटांचा होतो, काही पाच फुटांवर जातात. त्याला १२० × ६० × ६० सेंटिमीटरचं, पुढून उघडणारं घर. वरून हात घातला की तो दचकतो. पुढून घातला तर कमी. उष्ण बाजू २८ ते ३०, दिव्याखालचा दगड ३२ पर्यंत, थंड बाजू २२ ते २४, रात्री वीसच्या आसपास चालतं. हीट मॅट घराच्या एक तृतीयांश भागाखाली, काचेच्या बाहेरून, आणि थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) मॅट आणि काच यांच्या मधोमध. प्रोब हवेत लोंबत ठेवला की हवा तापेपर्यंत मॅट चालूच राहते, काच भाजण्याइतकी गरम होते, आणि भुशात शिरलेल्या सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही. हॅलोजन दिव्याला डिमिंग थर्मोस्टॅट लागतो. साधा चालू-बंद करणारा लावला तर दिवा लुकलुकत राहतो आणि लवकर उडतो. दिव्याला जाळी हवीच. साप वेटोळं घालून दिव्यालाच लटकतो.

अंथरायला अ‍ॅस्पेन या झाडाच्या लाकडाचा भुसा, पाच ते आठ सेंटिमीटर, म्हणजे त्यात बोगदे टिकतात. देवदाराच्या जातीचा सुवासिक भुसा नको, त्यातलं तेल सापाच्या श्वासाला घातक. अ‍ॅस्पेनचा एकच दोष, आणि तो लेन्सलाच दिसतो: बारीक धूळ खवल्यांच्या खाचांत बसते. फोटोआधी पिशवीतून ताटात घेऊन पाखडून घातला तरी बराच फरक पडतो.

कधी काढायचे

फोटोचा दिवस कॅमेऱ्यापेक्षा सापाचं वेळापत्रक ठरवतं. खाऊ घातल्यावर ४८ तास हात लावायचा नाही. लावला तर उंदीर ओकतो, आणि ओकल्यावर दहा-चौदा दिवस उपाशी ठेवून पुढचं खाणं निम्म्या आकाराचं द्यावं लागतं. पिल्लाला दर पाच ते सात दिवसांनी एक पिंकी (उंदराचं नुकतंच जन्मलेलं, बिनकेसाचं पिल्लू), मोठ्याला दहा ते चौदा दिवसांनी एक उंदीर. आकाराचा ठोकताळा असा: सापाच्या सर्वांत जाड भागाएवढा किंवा दीडपट. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवायचा, मग पिशवीत घालून चाळीसएक अंशांच्या पाण्यात, आणि लांब चिमट्यानं द्यायचा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, आत कच्चा आणि बाहेर शिजलेला निघतो. हाताला उंदराचा वास असताना कॅमेरा उचलू नका. चावलाच तर विष नाही, ओरखड्यासारखं रक्त येतं एवढंच, पण त्या दिवशीचे फोटो संपले.

म्हणजे रविवारी संध्याकाळी खाल्लं, तर मंगळवारपर्यंत हात नाही, बुधवारपर्यंत पोटाचा फुगवटा दिसतो, गुरुवार-शुक्रवार चांगला. कात जवळ आली की रंग मळकट होतात आणि डोळे निळसर-दुधी पडतात. तीन-चार दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर सहसा आठवडाभराच्या आत कात पडते. निळ्या डोळ्यांच्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून चिडका होतो. त्याला एकटं सोडा. कात टाकल्यानंतरचे दोन दिवस मात्र सोडू नका. तेव्हाचा केशरी पुढच्या महिन्यात तसा मिळत नाही. काढलेली कात सरळ करून टोकापासून टोकापर्यंत तपासा. दोन्ही डोळ्यांच्या टोप्या आणि शेपटीचं टोक त्यात आलंय की नाही हे बघायला पुन्हा हीच लेन्स.

टेबलावर

मोठं, खडबडीत सालीचं लाकूड घ्या. गुळगुळीत पाटावर सापाला पकड मिळत नाही म्हणून तो घसरत, पळत राहतो, सालीवर थांबतो. टेबल बुटकं असावं किंवा सरळ जमिनीवर चादर अंथरावी. मखमल टाळा, तिचा एकेक तंतू सापाच्या अंगावर दिसतो. काळी स्लेटची फरशी किंवा मॅट करडा पुठ्ठा बरा. खोली २४ ते २६ अंश, पंखा बंद. मदतीला एक माणूस हवाच. तुमचा डोळा व्ह्यूफाइंडरला असताना सापावर दुसऱ्या कोणाचा तरी डोळा लागतो. उघड्या बॅगेच्या आणि सोफ्याच्या फटी आधी बुजवा.

थांबवायची जुनी युक्ती: साप लाकडावर ठेवायचा, त्याच्यावर वाडगा किंवा त्याचीच लपायची डबी पालथी घालायची आणि दोन मिनिटं काही करायचं नाही. अंधारात तो वेटोळं घालतो. डबी सरळ वर उचलायची, बाजूला ओढायची नाही. पुढचे दहा-वीस सेकंद तुमचे. डोकं वेटोळ्यावर टेकवून तो हवा चाखतो, जीभ लवलवते. तेवढ्यासाठी फोकस आधीच लावून ठेवलेला असावा; मग शरीर पुढेमागे झुलवत डोळा धारेवर आणायचा आणि तीन-चार फोटो सलग घ्यायचे. फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचा सल्ला देणारे अजून भेटतात. ते सापाच्या जिवाशी खेळणं आहे, आणि गारठलेल्या सापाचा फोटोही मेल्यासारखाच येतो. एका वेळी पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. मान इंग्रजी एससारखी वळली, शेपटी थरथरू लागली की तिथंच थांबा.

प्रकाशाची सेटिंगं सरळ आहेत. मॅन्युअल मोड, १/२०० सेकंद, एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश १/८ ते १/१६ ताकदीवर. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश इथं निरुपयोगी. लेन्सच्या नळीचीच सावली सापावर पडते. फ्लॅश केबलने किंवा रेडिओ ट्रिगरने बाजूला काढून २० × ३० सेंटिमीटरच्या सॉफ्टबॉक्समधून, सापापासून पंचवीसेक सेंटिमीटर वर, किंचित पुढे. लांब नेला तर उजेडाचा ठिपका लहान होतो आणि प्रत्येक खवल्यावर पांढरा टिंब उमटतो. जवळ आणला की तोच ठिपका पसरून खवल्याची गोलाई दाखवतो. मागची पार्श्वभूमी सापापासून वीसएक सेंटिमीटरच्या आत हवी, नाहीतर फ्लॅश तिथं पोचत नाही आणि दिवसाढवळ्या काढलेला फोटो मध्यरात्रीचा दिसतो. सतत जळणारे तापलेले स्टुडिओ दिवे नकोत. मिटायला पापणी नाही, पळायला जागा नाही.

चमक पूर्ण मारायची असेल तर ६७ मिमीचा पोलरायझर (चकाकी गाळणारा फिल्टर) लेन्सवर आणि पोलरायझिंग फिल्म फ्लॅशवर, एकमेकींना काटकोनात. दोन-तीन स्टॉप जातात, तेवढी फ्लॅशची ताकद वाढवा. रंग असे उघडे पडतात की तांबड्या पट्ट्याभोवतीची काळी किनार रेघ ओढल्यासारखी दिसते. पण डोळ्यातली चमकही त्याबरोबर जाते आणि साप पेंढा भरल्यासारखा वाटतो. फिल्टर पूर्ण काटकोनाच्या अलीकडे सोडा. नक्षीची नोंद ठेवायला पूर्ण, भिंतीवर लावायच्या फोटोला अर्धा.

रंगाच्या जातींनुसार कॅमेरा फसतो. अ‍ॅमेलॅनिस्टिक सापात काळा रंगच नसतो, डोळे लाल, अंग केशरी. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो आणि तांबडी वाहिनी मात्र केव्हाच फुटलेली असते. तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि एक तृतीयांश स्टॉप कमी घ्या. अ‍ॅनरिथ्रिस्टिकमध्ये तांबडा नसतो, तो करडा-काळा; त्याला काळ्या फरशीवर ठेवलं तर किनारच हरवते. या दोन्हींच्या संकरातून नातवंडांच्या पिढीत सोळात एक या हिशेबाने निघणारा स्नो पांढरट-गुलाबी असतो. तो फ्लॅशच्या ऑटो मोडमध्ये करडा येतो, दोन तृतीयांश स्टॉप वाढवा. साउथ कॅरोलायनातल्या ओकेटी भागातल्या सापांवरून नाव पडलेला ओकेटी, जाड काळ्या किनारींचा, सर्वांत सोपा. कुठलाही असला तरी पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड धरा. डोक्यावर डोळ्यांच्या मधोमध भाल्याच्या पात्यासारखी खूण असते. ती वरून छान दिसते, पण वरून काढलेला साप दोरीसारखा दिसतो. खाली वाका.

साप त्याच्या घरातच ठेवून, काचेतून फोटो काढायचे तर खोलीतले दिवे घालवा, काच आतून व्हिनेगर-पाण्याने पुसून कोरडी करा आणि मऊ रबरी हूड काचेला टेकवा. फ्लॅश वरच्या जाळीतून. काचेशी तिरका कोन झाला की धार जाते, तेव्हा लेन्स काटकोनातच धरा. गार एसीच्या खोलीतली लेन्स उबदार, दमट हवेत नेली तर तिच्यावर बाष्प धरतं. ती अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. सगळं झाल्यावर हात साबणाने धुवा, कॅमेऱ्याची पकडही पुसा. सापाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो आणि तोच कॅमेरा मग लहान मुलांच्या हातात जातो.

कोणी घ्यावी

ज्याचा थर्मोस्टॅट अजून आलेला नाही त्यानं लेन्सचे पैसे आधी तिकडे वळवावेत. साप वीस वर्षं जगू शकतो, लेन्स थांबू शकते. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी सापाआधी राज्याचा कायदा पाहावा. हा साप तिकडच्याच आग्नेय भागातला, आणि न्यू जर्सी त्याच्या पट्ट्याचं उत्तर टोक. तिथं तो राज्याच्या संकटग्रस्त यादीत असल्यामुळे पाळायला परवाना लागतो. जॉर्जियात स्थानिक बिनविषारी साप पाळायला बंदी आहे, आणि हवाईत कुठलाच साप चालत नाही.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी ही लेन्स निराळ्या सापावर कामी येते. आपला तस्कर साप कॉर्न स्नेकचा दूरचा भाऊबंद. एके काळी दोघंही एलाफे या एकाच प्रजातीत गणले जायचे, आता तस्कर सीलोग्नॅथस आणि कॉर्न स्नेक पँथेरोफिस. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित यादीतला साप पकडणं, पाळणं गुन्हा आहे, मग तो कितीही निरुपद्रवी असो. तस्कराला टेबलावर आणायचं नाही, जिथं आहे तिथंच ०.५ मीटरच्या खटक्यावर टिपायचं. विदेशी साप घेणाऱ्यानं आयातीचे कागद आणि पावती दिसल्याशिवाय पैसे काढू नयेत.

जुनी लेन्स घेत असाल तर बॉडीला न लावता हलक्या हाताने हलवून बघा. आत खळखळ होईल. ती आयएसच्या सुट्या काचेची, बिघाड नव्हे. बॉडीला लावून शटर अर्धं दाबलं की थांबते आणि बारीक गुणगुण सुरू होते. गुणगुण आली नाही तर सौदा मोडा. मग छिद्र पूर्ण उघडं ठेवून मागून टॉर्चचा उजेड पाडा. कोकण-मुंबईच्या पावसात बंद बॅगेत राहिलेल्या लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी असते आणि ती समोरून सहसा दिसत नाही. शेवटी खटका मधल्या जागेवर ठेवून हाताच्या रेषांवर फोकस लावा आणि एफ/२.८ ला दहा फोटो काढा. दहातले सात-आठ धारदार निघाले तर घ्या.